चार मांजरांच्या फ्लॅटमधला वास

दार उघडल्याबरोबर पाहुण्याला जो वास येतो तो घरातल्यांना येत नाही, कारण नाक सरावलेलं असतं. म्हणून चार मांजरांच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला वास काढायला घेताना पहिली सवय लावली ती ही: अर्धा दिवस बाहेर राहायचं, परत आल्यावर दारातच थांबून एक श्वास घ्यायचा आणि काय ते त्याच श्वासात ठरवायचं. दोन मिनिटांनी नाक पुन्हा गप्प होतं. त्या पहिल्या श्वासात दोन निरनिराळे वास सापडले. एक शीचा. तो जोरात येतो, पण झाकली किंवा उचलली की पंधरा मिनिटांत विरतो. दुसरा अमोनियाचा, नाकाला झोंबणारा आणि मांजरांचा शी-शूचा ट्रे धुतल्यावरही मागे उरणारा. पुढचे सहा आठवडे जवळपास सगळे या दुसऱ्या वासावर गेले.

मांजराची ताजी शू, नसबंदी झालेली असेल तर, फारशी उग्र नसते. पण मांजर मूळचं कोरड्या प्रदेशातलं जनावर. पाणी वाचवायचं म्हणून ते शू घट्ट करतं आणि तिच्यात युरिया भरपूर असतो. ट्रेच्या ओरखड्यांत आणि फरशीच्या फटींत बसलेले जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. याला वेळ लागतो, आणि सगळा खेळ त्या वेळेचा आहे. चार किलोचं मांजर दिवसाला साधारण ८० ते १२० मिलिलिटर शू करतं. चौघांची मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास. (हा मापातला लिटर. मांजरवाल्यांच्या तोंडी ‘लिटर’ म्हणजे ट्रेमधली माती. घोटाळा नको म्हणून इथून पुढे माती.) हा अर्धा लिटर कोरड्या मातीने लगेच बांधला आणि बारा तासांच्या आत घराबाहेर गेला, तर अमोनिया व्हायला फुरसतच मिळत नाही. तो बांधला गेला नाही, किंवा ट्रेच्या बाहेर पडला, तर वरून काहीही फवारा, उपयोग नाही.

म्हणून सुरुवात ट्रेपासून केली नाही, जुन्या डागांपासून केली. नव्या ट्रेत नवी माती भरून चार दिवसांत घर पुन्हा तसंच वास मारतं, त्याचं कारण बहुतेक वेळा सोफ्याच्या पायाशी किंवा दारामागे असतं. नोटा तपासायला वापरतात तसला अतिनील टॉर्च, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा, या कामाला लागतो. रात्री सगळे दिवे बंद करायचे, डोळे पाच मिनिटं अंधाराला सरावू द्यायचे, मग जमिनीपासून दीड फुटापर्यंतच्या भिंती, पडद्यांची खालची टोकं, दिवाणाचे कोपरे, चपलांचा स्टँड, रद्दीचा गठ्ठा आणि वॉशिंग मशीनची मागची बाजू बघायची. जुना डाग मळकट पिवळसर-हिरवा चमकतो. कपड्याच्या साबणाचे डागही चमकतात, पण निळसर. शंका आली तर वाकून वास घ्यायचा, दुसरा उपाय नाही. सापडलेल्या प्रत्येक डागाभोवती खडूने रेघ मारून ठेवली, कारण सकाळी उजेडात काहीच दिसत नाही.

साफ करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी साध्या पाण्याने डाग भिजवून कोरड्या फडक्याने दाबून टिपायचा. घासला तर पसरतो. त्या जागी पूर्वी साबण किंवा फिनाईल फिरवलं असेल तर हे दोनदा करायचं, नाहीतर पुढचं औषध मरतं. मग एन्झाइमचं क्लीनर, म्हणजे शूतली वास मारणारी द्रव्यं मोडणारं. लोक ते अत्तरासारखं शिंपडतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात. शू जितकी खोल गेली तितकं ते खोल गेलं पाहिजे: फरशीच्या फटीला अर्धा तास ओलं ठेवून पुरतं, पण गादीत किंवा सोफ्याच्या फोममध्ये सांडलेल्या शूच्या दीडपट ओतावं लागतं आणि वरून प्लॅस्टिकचा कागद टाकून १२ ते २४ तास ओलं राखावं लागतं. वाळलं की काम थांबलं. पहिल्या दिवशी वास वाढतो, कारण वाळून बसलेले क्षार भिजून पुन्हा उडायला लागतात. तिथे घाबरून फिनाईल ओतलं की सगळं पाण्यात. जुन्या डागांना दोन-तीन फेऱ्या लागल्या. कापसाची गादी मात्र आतपर्यंत भिजली असेल तर ती गेली असंच समजावं. प्लायवूडच्या कपाटाची खालची कडा शू पिऊन फुगली असेल तर ती सुकवून, घासून, दोन हात पॉलियुरेथेन वार्निश मारावं. धुऊन तिथला वास जात नाही. विट्रिफाइड टाइल्स स्वतः काही पीत नाहीत, त्यांच्यामधल्या सिमेंटच्या फटी पितात. जिथे पुन्हा पुन्हा शू झाली होती तिथल्या फटी खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्यावर तो कोपरा सुटला.

एन्झाइमचं क्लीनर हाताशी नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्के मिळतं. तितकंच पाणी घालून ३ टक्के करायचं. पाव लिटर द्रावणात एक मोठा चमचा खायचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, डागावर पंधरा मिनिटं, मग पुसून घ्यायचं. रंगीत कापडाचा रंग उडतो, तेव्हा आधी आतल्या बाजूला लावून बघावं. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, आत वायू साठून बाटली फुटते. आणि एन्झाइमच्याच दिवशी हे वापरू नये, एक दुसऱ्याला निकामी करतं.

आता फिनाईल. आपल्याकडे फरशीला फिनाईलचा वास आला म्हणजे घर स्वच्छ, अशी समजूत इतकी घट्ट आहे की मांजराच्या घरात पहिली अडचण तीच असते. मांजराच्या यकृताला फिनॉल वर्गातली द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. ती पंजावरून जिभेवर आणि जिभेवरून पोटात जातात. काळं फिनाईल आणि डेटॉल दोन्ही याच वर्गातले. पांढरं फिनाईलही ठेवू नये, त्यातलं पाइन तेल मांजराला बाधतं. ब्लीचचा धोका निराळा आहे, तो माणसालाही: शूमधल्या अमोनियावर ब्लीच पडलं की क्लोरामाइनचा विषारी धूर होतो, बंद बाथरूममध्ये तर जास्तच. गावाकडच्या सवयीने काहीजण ट्रेत राख किंवा चुना टाकतात. दोन्ही अल्कली, अमोनिया उलट जोरात सुटतो आणि ओल्या चुन्याने पंजे भाजतात. कामाला येणाऱ्या मावशींना हे सगळं समजावत बसण्यापेक्षा फिनाईलची बाटलीच घरातून काढली आणि फरशीसाठी वेगळी बादली, कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचं अर्धं झाकण एवढं ठरवून दिलं. ट्रेच्या जागेचं पोछ्याचं फडकं निराळं.

डाग निघाले की ट्रे. नियम सगळे सांगतात: मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. चारांना पाच. पण पाच ट्रे एका ओळीत ठेवले तर मांजराच्या हिशेबी ती एकच जागा, आणि एक दांडगं मांजर दारात बसलं की बाकी तिघांना पाचही बंद. म्हणून निदान तीन वेगळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणाहून पळायला दोन वाटा. ड्राय बाल्कनी सगळ्यांच्या डोक्यात पहिली येते. दोन ट्रे तिथे चालतील, पण वॉशिंग मशीनला खेटून नाही. मशीनच्या फिरकीला घाबरून उडालेलं मांजर त्या ट्रेकडे आठवडाभर फिरकत नाही. बाथरूममधला ट्रे ओल्या जमिनीवर नको, चार इंचाच्या पाटावर ठेवावा. ज्या खोलीचं दार रात्री बंद होतं तिथला ट्रे रात्रीपुरता नाहीच असं धरून मोजावं. जेवणाच्या वाट्या ट्रेपासून लांब.

दुकानातले ट्रे बहुतेक लहान असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट ट्रे हवा. मोठ्या बोक्याला दोन फुटांच्या आतला ट्रे पुरत नाही. तो आत उभा राहतो आणि मागचं टोक बाहेर. त्यापेक्षा कपडे ठेवायचा ६० ते ७० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, झाकण बाजूला ठेवावं आणि एका आखूड बाजूला दार कापावं: तळापासून १२ ते १५ सेंटिमीटर उंचीवर, पिल्लू किंवा म्हातारं मांजर असेल तर ८ वर. कापण्याआधी दाराच्या चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली तर प्लॅस्टिक तडकत नाही. कापलेली कड सॅंडपेपरने घासून वर जुना पाइप उभा चिरून बसवला की पोट खरचटत नाही. बाकी तीन भिंती उंच राहतात, त्यामुळे उभ्याने शू करणाऱ्या मांजराचीही शू आतच पडते. झाकणाचे बंद ट्रे माणसाच्या नाकाची सोय बघतात. आत अमोनिया कोंडतो, मांजर नको म्हणतं आणि सोफा गाठतं. प्लॅस्टिकला पंजाचे ओरखडे पडतात, त्यांत वास मुरतो, म्हणून वर्षातून एकदा ट्रे बदलायचाच. केटरिंगवाल्यांकडचे खोल स्टीलचे ट्रे मिळाले तर ते वर्षानुवर्षं टिकतात.

मातीवरून मांजरवाल्यांत जेवढे वाद होतात तेवढे खाण्यावरूनही होत नसतील. १९४७ पर्यंत अमेरिकेतही राख, वाळू आणि भुसाच होता. मिशिगनमधल्या एड लो यांनी त्या साली शेजारणीला राखेऐवजी फुलर्स अर्थ दिली आणि धंदा उभा राहिला. फुलर्स अर्थ म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच जात. आज जी गोळा धरणारी माती मिळते ती बेंटोनाइट. भारतात ती मुख्यतः कच्छ आणि बाडमेरकडून येते. सोडियम बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि घट्ट गोळा धरतं. कॅल्शियमवालं फारसं फुगत नाही, चिखल होतो. पाकिटावर हा फरक क्वचित लिहिलेला असतो, तेव्हा घरीच तपासायचं: वाटीत चार चमचे माती, मध्यभागी दोन चमचे पाणी, पंधरा मिनिटांनी गोळा उचलून फूटभर उंचीवरून टाकायचा. अख्खा राहिला तर मोठं पोतं घ्यावं. चुरा झाला तर ती माती चार मांजरांच्या घरात कामाची नाही, मग किती का स्वस्त असेना.

बाकीचे पर्याय चार मांजरांच्या मापाने तपासले. लाकडाचे पेलेट शू पडली की भुसा होतात, तो खालच्या चाळणीतून गाळावा लागतो. एका मांजराला छान, पण चौघांत खालचा ओला भुसा रोज टाकावा लागतो आणि एक दिवस राहिला तरी अमोनिया येतो. बॉयलरसाठी विकतात ते पेलेट स्वस्त पडतात, पण ते कशाकशापासून केलेत ते कळत नाही, ते नकोच. टोफूची माती हलकी, धूळ नाही, ज्या घरात दमा आहे तिथे तीच घ्यावी. पण ती शेवटी सोयाबीन, पावसाळ्यात बुरशी धरते आणि किडे होतात. सिलिकाचे खडे मुंबई-कोकणच्या जुलैत हवेतलंच पाणी पिऊन बसतात. सुगंधी माती कोणतीही असो, आणू नये. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. आपल्याला लॅव्हेंडर वाटतं ते त्याला डोकं उठवणारं असतं. नवी माती आणली की एकाच ट्रेत देऊन बघायची, आणि पसंत पडली तर आठ-दहा दिवसांत थोडी थोडी मिसळत बाकीचे ट्रे बदलायचे.

आता प्रमाण. इथे जवळपास प्रत्येकजण काटकसर करतो आणि तिथेच फसतो. बेंटोनाइटचा थर ७ सेंटिमीटर हवा. तीन-चार सेंटिमीटरचा असेल तर शू तळापर्यंत पोचते, गोळा तळाला पिठल्यासारखा चिकटतो, खरवडताना फुटतो, आणि तो चुरा महिनाभर ट्रेत राहतो. ५० बाय ३५ सेंटिमीटर तळाच्या डब्यात सात सेंटिमीटर भरायला साधारण ११ किलो माती लागते. पाच ट्रेंना पहिल्यांदा ५५ किलो. आकडा ऐकून छाती दडपते, पण ही एकदाची भरणी. नंतर चौघांना महिन्याला २० ते २५ किलो पुरते, कारण गोळ्याबरोबर जेवढी जाते तेवढीच घालायची असते. डब्याच्या आत सात सेंटिमीटरवर मार्करने रेघ मारली की अंदाज चुकत नाही. ओतताना पोत्याचं तोंड ट्रेच्या तळाशी नेऊन हळू ओतायचं आणि मास्क लावायचा. त्या धुळीत सिलिकाही असतो.

रोजचं काम सकाळी आणि झोपण्यापूर्वी, दर वेळी दहा मिनिटं. चौघांचे मिळून दिवसाला आठ-बारा शूचे गोळे आणि चार-सहा शीचे. झारा स्टीलचा, भोकं ६ ते ८ मिलिमीटरची. प्लॅस्टिकचा वाकतो आणि गोळा मोडतो. ताज्या गोळ्याला हात लावायचा नाही, १५ मिनिटं घट्ट होऊ द्यायचा. ट्रे एका बाजूला कलता करून माती सरकवायची, म्हणजे तळाला आणि कोपऱ्यांत चिकटलेलं दिसतं. ते रंगाऱ्याच्या पुट्टीच्या पट्टीने सपाट उचलायचं, झाऱ्याने टोकरायचं नाही. मग माती पसरून रेघेपर्यंत भर. तीन-चार आठवड्यांनी पूर्ण रिकामा करून कोमट पाणी आणि बिनवासाच्या साबणाने धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, मगच भरायचा. ओलसर ट्रेत भरलेली माती तळाला लेप धरते. पाचही ट्रे एकाच दिवशी धुऊ नयेत. ओळखीचा वास घरातून एकदम नाहीसा झाला की मांजरं बिथरतात. आठवड्याला एक-दोन ट्रे, आणि नव्या मातीत जुनी स्वच्छ मूठभर.

पावसाळ्यात हे वेळापत्रक ढासळतं. हवेतल्या ओलीने माती आधीच अर्धी प्यायलेली असते, गोळे मऊ होतात. पोतं उघडं ठेवायचं नाही, झाकणाच्या पिंपात. ट्रे भिंतीपासून चार बोटं दूर. बाल्कनीत पावसाची झड येत असेल तर जून ते सप्टेंबर ट्रे आत. महिन्याची धुलाई तीनच आठवड्यांवर. एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकेल असा, ट्रेजवळच्या खिडकीत, दिवसातून दोन-तीन तास. नुसता छताचा पंखा वास घरभर वाटतो.

न चाललेल्या गोष्टींची यादी लांब आहे. खायचा सोडा स्वतःच अल्कली, अमोनियावर त्याचा जोर नाही. साधा कोळसा शीच्या वासाला थोडा उपयोगी, अमोनियाला जवळपास नाही. झिओलाइट या खनिजाची पूड त्या मानाने बरी, पण ती न उचललेल्या गोळ्याची भरपाई करत नाही. अगरबत्ती, कापूर, डांबरगोळ्या यांपैकी शेवटच्या दोन मांजराला विषारीच आहेत.

एक वास मात्र कितीही झारा मारला तरी जात नाही, नसबंदी न झालेल्या बोक्याचा. त्याच्या शूमध्ये फेलिनीन नावाचं द्रव्य जास्त असतं, त्यातून गंधकाचे उग्र संयुग सुटतात. आणि तो शू करत नाही, फवारतो: शेपूट उभी, थरथरती, उभ्या भिंतीवर. पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदी केली की बहुतेक बोके हे सोडतात किंवा शिकतच नाहीत. नसबंदी झालेलं मांजर अचानक ट्रेबाहेर जायला लागलं तर आधी डॉक्टर, मग शिस्त. गोळ्यांवर लक्ष ठेवलं की बरंच आधी कळतं. आवळ्याएवढे गोळे अचानक लिंबापेक्षा मोठे होऊ लागले तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासावा. गोटीएवढे आणि पुष्कळ झाले तर मूत्राशयाची सूज. बोका ट्रेत बसून कुंथतोय आणि गोळाच नाही, तर मार्ग अडलाय. सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री दवाखाना. शीचा वास एकाएकी घाण झाला तर दूध बंद करून बघावं (मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही) आणि जंताचं औषध कधी दिलं ते आठवावं.

उचललेलं सगळं मिळून रोज सव्वा ते दीड किलो भरतं. टॉयलेटमध्ये एक गोळाही टाकायचा नाही, पाकिटावर ‘फ्लश करा’ छापलेलं असलं तरी. बेंटोनाइट पाइपात फुगतं आणि मग खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. शिवाय मांजराच्या शीतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी सांडपाण्याच्या प्रक्रियेतूनही वाचतात. हीच अंडी ट्रेत पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात, म्हणूनही रोज उचलणं; घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. कुंडीत, तुळशीत किंवा ओल्या कचऱ्याच्या खतात ही माती घालू नये. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत घट्ट गुंडाळून, वर ओळखू येईल अशी खूण करून, सॅनिटरी कचऱ्यासारखं वेगळं द्यावं, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांचा हात त्यात पडत नाही. घंटागाडी येत नाही त्या दिवसासाठी घट्ट झाकणाची छोटी बादली ठेवावी आणि पुड्यावर दोन मुठी कोरडी माती टाकावी. बादली स्वयंपाकघराच्या बाहेर.